'चाकवाट'चं शेवटचं पान

या, आत या. पंख्याखाली बसू नका, तो पंखा मधूनच डोक्यावर उतरायचा विचार करतो. इकडे चटईवर सरका, माझ्याजवळ. पाय तेवढे बुद्धमूर्तीकडे करू नका. हं. आता हात जोडतो आणि तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्ट एका मासिकाच्या एका पानाची आहे. फक्त एका. पण ते एक पान छापायला निघालो तेव्हा माझी इतकी शोभा झाली की अजून बाजारात गेलो तर कोळणी विचारतात, "काय पी सनान, आज काय गाऊन घ्यायचंय? बांगड्याचं कालवण?" सनान माझं नाव, 'पी' म्हणजे दादा.

आमच्याकडे थायलंडात, फेचबुरीच्या बाजूला, मिठागरं आणि ताडाची झाडं सोडली तर मिरवण्यासारखं एकच आहे, गायलेलं प्रवचन. भिक्खू धर्मासनावर बसतात आणि प्रवचन सांगत नाहीत, गातात. सगळं दान करून टाकणाऱ्या राजपुत्राची कथा मी लहानपणापासून ऐकतोय, पण दानात दिलेली त्याची दोन लेकरं वडिलांकडे वळून बघतात त्या जागी सूर खाली उतरला की आजही माझा चष्मा धुरकट होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ ह्याच वेडात आहे.

तर आमचे बुनलू गुरुजी वारले. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण गावाला माहीत होते ते 'चाकवाट'चे संपादक म्हणून. 'चाकवाट' म्हणजे सायकलवाल्यांचं मासिक. सुरुवातीला ते घरच्या यंत्रावर, स्टेन्सिल कापून निघायचं. शाई अशी की वाचून झाल्यावर मजकूर बोटांवरही वाचता यायचा. अंक कधी निघणार ह्याला तारीख नसे. घड्या घालायला माणसं जमतील तेव्हा अंक निघे. रविवारी सकाळी आम्ही वाचकच गुरुजींच्या ओसरीवर बसून पानं दुमडायचो, पिना मारायचो, आणि लमाईकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, तांदळाच्या शेवया आणि माशाची आमटी वाढायच्या. पाकिटांवरचे पत्तेही त्याच लिहायच्या. त्यांच्या त्या गोल, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात 'चाकवाट' सगळ्या प्रांतात पोचायचं. काही अंकांना आमटीचा वास यायचा. वर्गणीदारांनी कधी तक्रार केली नाही. एकानं तर कृती मागवली होती.

आणि आत काय असायचं? साखळीला तेल कधी घालावं, ब्रेकचं रबर उलटं कसं वापरावं. सहलीचा नकाशा असायचा, गुरुजींनी हातानं काढलेला. 'मिठागराच्या पवनचक्कीपाशी डावीकडे वळा. पांढऱ्या घरातला कुत्रा चावतो, पण फक्त उजव्या पायाला.' असली माहिती आज कुठलं यंत्र देतं सांगा.

शेवटच्या पानावर मात्र एकच मजकूर. वर शीर्षक, 'ह्या वाटेने जाल तेव्हा', आणि खाली एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव. कधी वर्गणीदाराचं, कधी वाटेवर पाणी देणाऱ्या एखाद्या म्हातारीचं. 'ह्या वाटेने जाल तेव्हा अमक्याची आठवण काढा. एकदा घंटी वाजवा.' बस. स्तुती नाही, पदव्या नाहीत. आणि लोक वाजवायचे हो! माझे वडील गेले तेव्हा त्यांचं नाव आलं होतं. वर्षभर आमच्या दारावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा घंटी वाजवून जायचा. आई दर वेळी भाजी चिरायची थांबायची.

पुढे दिवस बदलले. पुलाजवळच्या पेपरवाल्याकडे दोरीला चिमटे लावून मासिकं लटकायची, कबुतरांची, लढाऊ माशांची, ताइतांची, बोन्सायची, आणि त्यात सायकलींची राजधानीतली नवी, गुळगुळीत मासिकं. पानं अशी चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. आमचं जुनं मासिक तुमच्याजवळ जे आहे ते टिकवायचं कसं हे सांगायचं. हे नवं मासिक तुमच्याजवळ काय काय नाही ते सांगायला लागलं. मुखपृष्ठावरच्या प्रत्येकानं असा गॉगल घातलेला की सख्ख्या आईनं ओळखू नये. पण खोटं कशाला बोलू, मीही ती विकत घ्यायचो. एकदा त्यातलं वाचून सायकलचं वजन कमी करायला घंटीच काढून टाकली होती. सुदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, घंटी कशाला काढताय? पोट काढा." मग ती मासिकंही गेली. आता सगळं फोनवर. बोट वर सरकवलं की सायकल गेली, मांजर आलं. पेपरवाला फोनची कव्हरं विकतो. आणि 'चाकवाट' कधी बंद झालं हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. एका रविवारी घड्या घालायला पुरेशी माणसं आली नाहीत, एवढंच.

गुरुजींच्या शवपेटीपुढे पहिल्या संध्याकाळचं पठण संपलं आणि लमाईकाकूंनी मला बाजूला बोलावलं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "सनान, ह्यांनी सगळ्यांची नावं छापली. ह्यांचं नाव कोण छापणार?"

मी म्हटलं, "काकू, मी आहे ना."

बघा, माणूस किती सहज बोलून जातो.

आमच्याकडे अंत्यसंस्काराला आलेल्या पाहुण्यांना एक पुस्तक देतात. गेलेल्याचं चरित्र, थोडी प्रार्थना, थोडा उपयोगी मजकूर. मी ठरवलं, गुरुजींचं पुस्तक म्हणजे 'चाकवाट'चा एक शेवटचा अंक. आणि त्याच्या शेवटच्या पानावर गुरुजींचं नाव. काकूंनी आमच्या रीतीप्रमाणे गुरुजींची पेटी शंभर दिवस ठेवून मग दहन करायचं ठरवलं होतं, तेव्हा वेळ भरपूर होता. वेळ भरपूर असणं हीच खरी आपत्ती. घाईत माणूस स्वतःचं ऐकतो. सवड असली की शेजाऱ्यांचं.

पहिले आले पी प्रयून. शेजारी. गळ्यात ताईत इतके की मान वर करताना आवाज होतो. ताइतांच्या मासिकांचे ढीग घरात रचलेत आणि कुठल्याही छापील वस्तूकडे भिंगातून बघायची सवय. त्यांनी माझा कच्चा मसुदाही भिंगातून बघितला.

"पी सनान, ह्यात सुरुवातीला कुणा मोठ्या माणसाचा शोकसंदेश नाही."

"गुरुजींना नसता आवडला."

"गुरुजींना काय विचारायचंय? पाहुण्यांचं बघा. पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा पांढऱ्या गणवेशातल्या साहेबाचा फोटो दिसला नाही तर लोकांना वाटेल, मयत झालीच नाही."

तेव्हा एका मोठ्या साहेबांच्या कचेरीकडे संदेश मागायला गेलो. कुठले साहेब ते विचारू नका, अजून इथेच आहेत. तीनदा हेलपाटे घातल्यावर संदेश मिळाला. सुंदर कागद, सोनेरी शिक्का, आणि मजकूर असा, की 'बुनलू गुरुजींनी प्रांतातल्या जलतरणासाठी वेचलेले आयुष्य तरुणांना सदैव प्रेरणा देत राहील.' मी कारकुनाला म्हटलं, "गुरुजींना पोहता येत नव्हतं." तो म्हणाला, "साहेबांची सही झालीय. आता गुरुजींना पोहता येत होतं."

दुसऱ्या एका खिडकीवर मासिकाच्या नावाची परवानगी मागितली.

"संपादकांनी स्वतः यायला हवं."

"ते पेटीत आहेत."

"मग अधिकारपत्र द्या."

त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं. आवाज उतरवून म्हणाला, "काका, अंत्यसंस्काराचं पुस्तक म्हणा ना. त्याला परवानगीच लागत नाही. फक्त 'अंक' म्हणायचं नाही." म्हणजे हा शेवटचा अंक मुळात अंकच नव्हता. असो. गुरुजींना हा विनोद आवडला असता.

मग आल्या जे किम, 'जे' म्हणजे ताई. त्यांचं मिठाईचं दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे. ताडगूळ, नारळाचं दूध आणि अंडी घालून भाजलेल्या वड्या, मोकेंग, पूल ओलांडून लोक घ्यायला येतात. त्यांनी मोकेंगची कृती आणून दिली.

"जे, हे सायकलचं मासिक आहे."

"असू दे. सायकलवाल्यांना भूक लागत नाही? प्रार्थनेचं पुस्तक लोक कपाटावर ठेवतात, कृतीचं चुलीजवळ ठेवतात. गुरुजी कुठे बरे राहतील? तूच सांग!"

गुरुजींना त्यांची मोकेंग आवडायचीही फार. कृती घेतली. दोन दिवसांनी जे किम धावत आल्या, ताडगूळ कमी लिहिला होता. मग अंडी जास्त. मग तळलेला कांदा घालावा की नाही ह्यावर त्यांचं आणि त्यांच्या नणंदेचं भांडण झालं आणि कृती वाढत वाढत शेवटच्या पानाकडे सरकायला लागली.

तरी शेवटच्या पानाला खरा धोका होता तो ईव्हचा. ईव्ह ही पी प्रयूनची भाची, राजधानीत असते. फोनवर सायकलींचं पान चालवते. तिच्या प्रत्येक चित्रात एक सायकल, एक कॉफीचा कप आणि मागे सूर्य. पोरगी हुशार आणि मनानं गोड. "लुंग," म्हणाली, लुंग म्हणजे मला काका, "मी सगळं डिझाइन फुकट करून देते." आठवड्यात तिनं नमुना आणला. काय सांगू तुम्हाला! चकचकीत, जाड. मुखपृष्ठावर गुरुजी सायकलसह उभे, पाठीमागे बर्फाचे डोंगर. गुरुजींचा चेहरा उजळलेला, दात सुद्धा. आणि शेवटच्या पानावर विजेच्या स्कूटरची जाहिरात.

"त्यांनी छपाईचा सगळा खर्च उचललाय, लुंग. मागचं पान त्यांचंच असतं. सगळीकडे असंच असतं आता."

पी प्रयून भिंगातून बघून म्हणाले, "डोंगर अस्सल आहेत."

आम्ही तो नमुना लमाईकाकूंकडे नेला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून अगदी नम्रपणे विचारलं, "हे कोण?"

ईव्हनं माझ्याकडे बघितलं, मी ओसरीकडे.

"चेहरा त्यांच्यासारखा आहे," काकू म्हणाल्या. "पण ह्यांच्या कमरेला पंचा नाही. आणि चपला कुठे गेल्या? रबरी चपलांशिवाय ते सायकलवर बसत नव्हते गं. पायडल कळत नाही म्हणायचे." मग पान उलटून त्यांनी शेवटचं पान बघितलं. स्कूटर बघितली. हळूच मिटलं आणि ईव्हला परत दिलं. "छान झालंय हं, बाळा," म्हणाल्या, आणि चहा करायला आत गेल्या.

ईव्हचे डोळे भरले. पी प्रयून माझ्यावर उखडले. "पोरीनं फुकट काम केलं आणि तुम्ही एका जोडी चपलांसाठी..."

"मी काय बोललो?"

"तुम्ही बोलला नाहीत, तेच!"

ईव्ह त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. पी प्रयून माझ्याशी बोलेनासे झाले, म्हणजे कुंपणाजवळ येऊन, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कोंबड्यांशी बोलायला लागले.

मग मी कंबर कसली. नदीकाठच्या जुन्या छापखान्यात गेलो. छापखाना सोमजित नावाच्या बाई चालवतात, मोठ्या शिस्तीच्या. म्हटलं, साधा कागद, एक रंग, घड्या आम्ही घालू. आणि शेवटचं पान दाखवून मी, चिडलेला होतोच, टेबलावर हात आपटून सांगितलं, "ह्या पानावर फक्त शीर्षक. बाकी ह्या पानाला मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही! जाहिरात नाही, शोकसंदेश नाही, मोकेंग नाही! कोण काही घेऊन आलं तर त्याला हाकलून द्या. मी आलो तरी आधी खात्री करून घ्या."

सोमजितबाई शांतपणे म्हणाल्या, "नाही लावणार."

आता राहिला त्या पानाचा मजकूर. एका नावाचा प्रश्न होता हो. एक नाव आणि 'एकदा घंटी वाजवा'. पण मी बसलो लिहायला आणि माझ्यातला प्रवचनभक्त जागा झाला. वाटलं, गुरुजींसारखा माणूस आणि एवढंसं? मी पद्य रचायला घेतलं. गुरुजींची सायकल हत्ती झाली, गुरुजी राजपुत्र झाले, मिठागरं क्षीरसागर झाली. शंभरावा दिवस जवळ येत चालला तरी श्लोक संपेनात. मग आणखी एक कल्पना सुचली. आमच्या मंदिरातले विद्वान भिक्खू महा थोंगयोत, त्यांचा सूर असा की रडणारं मूल थांबतं आणि न रडणारा पोलीस रडतो. दहनाआधीचं प्रवचन ते करणार होते. म्हटलं, हेच पद्य त्यांनी धर्मासनावरून गावं आणि हेच शेवटच्या पानावर छापावं. महांना जाऊन विनंती केली. "आणून ठेव तबकात," ते म्हणाले. "जे हातात येईल ते गाईन."

पद्य मी सुवाच्य अक्षरात एकाच लांब कागदावर उतरवलं, खाकी पाकिटात घातलं. सुदा म्हणाली, "अहो, फोनवर एक फोटो काढून ठेवा."

"काव्याचा फोटो काढत नसतात," मी म्हटलं.

छापखान्याकडे जाताना वाटेत जे किमनी हाक मारली. कांद्याचा निकाल लागला होता, सुधारलेली कृती पाकिटात घालून तयार होती. मी पाकीट काउंटरवर ठेवलं, त्यांचं ऐकून घेतलं, वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, पाकीट उचललं आणि निघालो. आता तुम्ही हसताय. हसा. पण मला सांगा, खाकी पाकिटं सगळी सारखी दिसत नाहीत का?

सोमजितबाईंना म्हटलं, "ह्यात शेवटच्या पानाचा मजकूर आहे. छापून झालं की हे पाकीट तसंच अंकांबरोबर मंदिरात पाठवा, महांच्या तबकात ठेवायला." आणि मी मंडपाचं बघायला धावलो.

दहनाचा दिवस उजाडला. दुपारी छापलेले कागद आले, दुमडायचे बाकी. मंदिराच्या सभामंडपात चटया पसरल्या आणि काय सांगू, माणसं आपोआप बसली. कितीतरी वर्षांत न दिसलेले चेहरे. सायकली ताडांना टेकवलेल्या, आणि सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यात मांडी घालून घड्या घालताहेत, पिना मारताहेत. लमाईकाकूंनी शेवया आणि आमटी करायला लावली होती. जुना वास आला. आणि तेवढ्यात ईव्ह आली. मला हात जोडले, पिशवीतून एक गठ्ठा काढला. गुरुजींचा मूळ फोटो, जसाच्या तसा, साध्या कागदावर, प्रत्येक अंकात घालायला. पंचा होता. चपला होत्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला.

"लुंग, मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं," एवढंच म्हणाली आणि घड्या घालायला बसली. पी प्रयून तिच्याशेजारी बसले, भिंग खिशात घालून. मला म्हणाले, "पीन द्या इकडे." मी दिली. झालं, मिटलं.

मी साहेबांच्या स्वागतात गुंतलो होतो. अंक उघडून बघायला सवड कुठली?

महा थोंगयोत धर्मासनावर चढले. मंडप शांत झाला. काकू पुढे, हात जोडून. मी त्यांच्या मागेच, पहिल्या श्लोकाची वाट बघत. अभिमान वाईट, पण सांगतो, मी रुमाल आधीच काढून ठेवला होता.

महांनी तबकातलं पाकीट उघडलं, कागद काढला, डोळे मिटून सूर लावला. अहाहा, काय सूर! आणि त्या सुरात पहिली ओळ आली.

"ताऽऽडगूळ घ्यावा चांगला... मंद आचेवर वितळऽऽवावा..."

मागे कुठेतरी जे किम मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई, माझीच!"

माझं काय झालं ते विचारू नका. महांनी डोळे उघडले. कागदाकडे बघितलं. आता आमच्याकडे रीत अशी की धर्मासनावर बसलेला भिक्खू प्रवचन पुरं केल्याशिवाय उतरत नाही, आणि सूर मोडणं अशुभ. त्यांनी सूर तसाच धरून ठेवला, कृती घडी करून बाजूला ठेवली आणि तबकातली दुसरी वस्तू उचलली. नुकताच दुमडलेला 'चाकवाट'चा अंक. हाताला लागलं ते पान उघडलं. तिथे आम्ही गुरुजींचं जुनं सदर घेतलं होतं, पंक्चर कसं काढावं. महांनी तेच गायला सुरुवात केली.

"घाई असेल तर पंक्चर काढायला बसू नका. आधी हात धुवा, मग बसा."

पुन्हा हशा. तरुण पोरांनी तोंडावर हात घेतले. महांचा सूर हलला नाही.

"ट्यूब पाण्यात धरा आणि गप्प राहा. श्वास कुठून सुटतो ते ती स्वतः सांगेल. आपण सांगायला जाऊ नये."

हशा विरला. महांनी सूर खाली उतरवला, ती दोन लेकरं वळून बघतात त्या जागेसारखा.

"काट्याला शिव्या देऊ नका. तो तिथेच होता, आपण त्याच्यावरून गेलो. पण टायरमधला काटा काढायला विसरू नका, नाहीतर नवं ठिगळही फुटेल. ठिगळाची लाज बाळगू नका. ती जागा बाकीच्या ट्यूबपेक्षा मजबूत असते.

"आणि एक दिवस ठिगळावर ठिगळ बसणार नाही. तेव्हा तिला सोडून द्या. तिनं पुष्कळ वाट ओढली. मग तिच्या पट्ट्या कापा. ताडावर रसाची नळकांडी बांधायला उपयोगी पडतात."

गुरुजींनी हे पंक्चरबद्दलच लिहिलं होतं हो, दुसऱ्या कशाबद्दल नाही. काकूंचे जोडलेले हात कपाळाला टेकले होते, आणि पाठ हलत होती. शंभर दिवसांत पहिल्यांदा.

प्रवचन संपलं. काकूंनी पदर नव्हे, बाही डोळ्यांना लावली, अंक घेतला आणि सरळ मागून उघडला. शेवटचं पान.

'ह्या वाटेने जाल तेव्हा.' आणि खाली काही नाही. कोरं.

पी प्रयून कुजबुजले, "शाई संपली वाटतं."

घड्या घालायला आलेल्या सोमजितबाईंकडे मी बघितलं. त्या तडक म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? पाकिटात मोकेंग निघाली. मोकेंग नाही म्हणून टेबलावर हात कुणी आपटला होता? हात लावू नका म्हणालात, नाही लावला!"

जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण मंडपाची फरशी नवी होती. एक काम सांगितलं होतं काकूंनी मला. एक नाव. शेकडो प्रती आणि एकीतही ते नाव नव्हतं. मी पुढे होऊन काकूंच्या पायाशी बसलो.

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "पेन आहे का कुणाजवळ?" म्हणाल्या.

ईव्हनं दिलं. काकूंनी अंक मांडीवर ठेवला आणि त्या कोऱ्या जागेत, त्याच गोल, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं, 'बुनलू. आठवण काढा. एकदा घंटी वाजवा.' आणि अंक शेजारच्या माणसाला दाखवला.

त्यानं खिशातून पेन काढलं. मग त्याच्या शेजारच्यानं. पेनं हातोहात फिरायला लागली. कुणी मांडीवर, कुणी पुढच्याच्या पाठीवर कागद धरून. साहेबांनीही लिहिलं, ड्रायव्हरचं पेन मागून घेऊन. कुणी वाकडं लिहिलं, कुणी ठसठशीत. म्हणून त्या अंकाच्या कुठल्याही दोन प्रती सारख्या नाहीत. प्रत्येकाच्या घरी गुरुजींचं नाव आहे, त्या त्या माणसाच्या अक्षरात.

पेटीपाशी लाकडी फुलं वाहून झाली. चितागृहाच्या चिमणीतून धूर निघाला, ताडांच्या वर गेला. लोक सायकलींवर बसून निघाले, आणि फाटकापाशी पहिल्यानं घंटी वाजवली. मग सगळ्यांनी. एकेकदाच. काकू पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या, शेवटची सायकल वळणाआड जाईपर्यंत.

मी महांची क्षमा मागायला गेलो. ते म्हणाले, "कृतीची चाल चांगली बसत होती रे. पण दुपारनंतर भिक्खूला खाणं वर्ज्य, मोकेंगचा विचारसुद्धा करू नये, म्हणून थांबलो."

"माझं पद्य राहिलं, महा."

"पुढच्या वेळी गाईन."

"कुणाच्या?"

"तुझ्या," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.

पद्य सापडलं. जे किमच्या दुकानात, मोकेंगच्या गरम तव्याखाली घातलेलं, तेलकट, हत्तीपर्यंतचा भाग करपलेला. सुदानं वास घेतला आणि म्हणाली, "पहिल्यांदाच तुमच्या कवितेला चव आलीय." मी ते टाकून दिलं. एक नाव लिहायचं होतं, ते ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहिलं.

चला, उठू नका एवढ्यात, चहा येतोय. एकच मागणं आहे. तुमच्या गावात, तुमच्या वाटेवर, कधी चाक बसलं आणि ट्यूब पाण्यात धरायची वेळ आली, तर क्षणभर गप्प राहा. पहिला बुडबुडा वर येईल तेव्हा रबरी चपला घातलेल्या एका चित्रकलेच्या मास्तरांची आठवण काढा. बुनलू त्यांचं नाव. आणि मग ठिगळ लावून निघालात की, सायकलला घंटी असेल तर, एकदा वाजवा.